वायरमन काकांना, संध्याकाळच्या गणिताच्या वर्गातून

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, रीडिंग काय आलं ते सांग" म्हणून विषयच मोडता. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितेय, आता मोडून दाखवा.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या त्या खोलीत दहावीला बाहेरून बसणाऱ्या आम्ही बायका आणि दोन रिक्षावाले भाऊ. कुणाची शाळा सातवीत सुटलेली, कुणाची लग्नात. गणिताला शिकवणारं कुणी टिकेना. तुम्ही दिवसभराची वायरिंगची कामं उरकून आलात ते पुस्तक न घेताच. पिशवीतून टॉर्चचे सेल काढलेत आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर.

एका सेलला पिना लावल्या, १.५ दिसलं. पिना उलट्या लावल्या, तर तोच आकडा, पण पुढे वजाची खूण. मग दोन सेल एकामागे एक ठेवले, ३ आले. त्यातला एक फिरवून उलटा ठेवलात आणि मीटर लावायच्या आधी म्हणालात, "आता किती? वहीत लिहा, मग बघू." कुणी ३ लिहिलं, कुणी दीड. आलं शून्य. तीन सेलांत एक उलटा, तर दीड. ऋण संख्या म्हणजे "वजा वजा अधिक" असं काहीतरी घोकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती टेबलावर उलटी पडलेली असते आणि शेजारच्या सेलाचा जोर खाते, हे शाळेत कुणी दाखवलंच नव्हतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तुमचा नियम: आधी अंदाज, मग हिशेब, मग मीटर. मोठ्या वयात फळ्यासमोर उभं राहिलं की उत्तर शोधण्याऐवजी माणूस शिकवणाऱ्याचा चेहरा वाचत बसतो, की बाई हसल्या का, कपाळाला आठी पडली का. तुम्ही तर मान खाली घालून मीटरकडे बघता. चेहऱ्यावरून काही कळायची सोयच नाही. (तुमच्या फळ्यावरच्या अक्षरावरूनही नाही, पण ते पुन्हा कधीतरी.)

तो साठचा आणि शंभरचा बल्ब आठवतो? तुम्ही घरी जोडून आणलेल्या बोर्डावर दोन्ही सेलांसारखेच एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये, जोडले होते. जास्त उजेड कुणाचा, असं विचारलंत. सगळ्यांनी शंभरचा लिहिला. पेटवले तर साठचाच झगझगीत, शंभरचा नुसता तांबूस. मग भागाकार करायला लावलात: २३० गुणिले २३०, भागिले वॅट. शंभरच्या बल्बचा रोध ५२९ ओहम, साठचा ८८२च्या आसपास. पूर्ण व्होल्टेजवर हे आकडे, कमी तापलेली तार थोडी कमी अडवते, हेही सांगायला विसरला नाहीत. करंट दोघांतून एकच, तेव्हा ज्याचा अडथळा मोठा तो जास्त तापणार. एवढा मोठा भागाकार मी त्याआधी कधी आपणहून केला नव्हता.

दशांशाला आम्ही घाबरायचो. पण पंख्याचा हिशेब मांडलात: ७५ वॅटचा पंखा दहा तास चालला, ७५० वॅट-तास, म्हणजे ०.७५ युनिट. "अहो, हे तर पाऊण!" भाजीवाल्या मावशी ओरडल्याच. महिन्याचे साडेबावीस युनिट. तीस वॅटचा नवा पंखा लावला तर नऊ. दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर लाइटला, अडीचची पॉवर पॉइंटला, हे तुम्ही बोलता बोलता म्हणालात तेव्हा मला माझी आजी आठवली. तिला दिडकी, अडीचकीचे पाढे तोंडपाठ. या बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, म्हणून तर ती शाळेत गेली. आणि सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हातानं काम करणाऱ्यांच्या हाती शास्त्र यावं म्हणूनच ना? त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या आम्हाला ते आता कुठे पटतंय.

थेट लाइनला तुम्ही आम्हाला एकदाही हात लावू दिला नाहीत, हेही लिहून ठेवते. मोजायचं ते सेलवर, बाकी सगळं उपकरणावरच्या पाटीचे वॅट वाचून कागदावर.

त्या कागदावरच धाकट्या जाऊबाईंचा सहा अँपियरचा एक्स्टेन्शन बोर्ड सापडला. इस्त्री हजार वॅटची, इंडक्शन दोन हजारांची, दोन्ही त्यावरच. ३००० भागिले २३०, तेरा अँपियर! इंडक्शन आता सोळाच्या पॉइंटवर गेली. आमच्या घरमालकांच्या चिठ्ठीतही मागच्या महिन्याचे युनिट पुन्हा धरलेले निघाले. मी दोन्ही रीडिंग लिहून वजाबाकी पुढे ठेवली. भांडण झालं नाही, चिठ्ठी बदलून मिळाली.

पुढच्या बुधवारी तिघी नव्या येताहेत. घरचं लाइटबिल आणा म्हणून सांगितलंय. जिन्यातल्या दोन टू-वे स्विचच्या वर-खालीच्या चार जोड्या मी त्यांना समजावेन, तुम्ही फक्त बोर्ड आणा. आणि चहाचे पैसे या खेपेला वर्ग देणार आहे, हिशेब करून ठेवलाय.

तुमची विद्यार्थिनी,
खिडकीजवळच्या बाकावरची
वडोदरा