पालकांना बाहेर बसवून कसले उपचार?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत मानसिक आघात सोसलेल्या मुलांच्या उपचारांवर पानभर लेख दिलात, आभार. पण ‘मुलाला समुपदेशकाच्या हवाली करून पालकांनी निश्चिंत मनाने बाहेर थांबावे’ हा सल्ला छापण्याआधी एखाद्या बालमानसोपचारतज्ज्ञाला फोन करायला हरकत नव्हती.

ज्या ‘ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी’चे (आघातानंतरचे विचार, भावना आणि वागणे सावरणारी, संवादातून होणारी उपचारपद्धती) लेखात गोडवे गायलेत, तिची सत्रे साधारण 12 ते 16. त्यातला जवळपास निम्मा वेळ पालकांचा. आजी, मामा, जो कोणी मुलाला सांभाळतो त्याचा. (अत्याचार करणाऱ्याला अर्थातच तिथे जागा नाही.) नेमका हाच निम्मा भाग लेखात गायब!

घडलेले सगळे पहिल्याच भेटीत मुलाकडून वदवून घ्यायचे नसते. आधी श्वास संथ करणे, अंग सैल सोडणे, भीती, राग, लाज यांना नाव देणे. मग प्रसंग थोडा थोडा करून, सोप्या तपशिलापासून. सर्वांत वाईट क्षण मागाहून. ही हकिगत थेरपिस्ट आधी पालकांना एकट्यांना ऐकवतात. थेट मुलाच्या तोंडून ऐकली, तर आई कोसळते किंवा वडील विचारून बसतात, ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ झाले, मूल गप्प. चूक आपलीच होती, ही त्याची समजूत आणखी पक्की. म्हणून पालकांनी आधी ऐकायचे, रडून घ्यायचे, काय बोलायचे याची तालीम करायची. त्यानंतर एकत्र सत्र.

शिवाय आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा, उरलेले 167 घरच्यांचे. उपासमार सोसलेले मूल उशीखाली खाणे लपवते. त्याला चोर ठरवून शिक्षा केली की लपवणे वाढते. जेवणाच्या वेळा न चुकता पाळल्या आणि हाताशी खाऊचा डबा ठेवला की हळूहळू कमी होते. हे पालकांना कोण शिकवणार, बाहेरचे बाकडे?

अगदी लहान मुलांच्या ‘चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी’त तर मूल आणि पालक एकाच खोलीत असतात.

आणि लेखातली ती चौकट! ‘मूल चवताळल्यास शांत होईपर्यंत घट्ट आवळून धरा.’ 2000 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ‘रिबर्थिंग’ नावाच्या उपचारात चादरीत गुंडाळून दाबून धरलेली 10 वर्षांची मुलगी गुदमरून दगावली. ज्या मुलाला पूर्वी कोणी जबरदस्तीने धरले होते, त्याला पुन्हा तसेच धरून ते शांत झालेले दिसते, तेव्हा ते बहुधा भीतीने गोठलेले असते. या चौकटीची दुरुस्ती तेवढ्याच ठळक टायपात छापावी.

– एक बालमानसशास्त्रज्ञ