गोधडीला जुनंच लुगडं हवं

थंडीची चाहूल लागली की माळ्यावरचं बोचकं खाली येतं. यंदा त्यात आईची दोन विटलेली इरकली लुगडी निघाली. नऊवार म्हणजे आठेक मीटर कापड, वर-खाली दोन्हीकडे पुरतं. मधल्या थराला फाटकी धोतरं. कापड जुनंच हवं, नव्या कापडात सुई अडते. कडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत जायचं. आधी कच्च्या टाक्यांनी थर धरले नाहीत तर झोळ येतो. माझ्या गोधडीला आलाच, तीन ओळी उसवल्या!

आता गोधड्या दुकानांत हजारो रुपयांना विकल्या जातात. त्यातले शिवणाऱ्या बाईच्या हाती किती पडतात, हे आपल्या पुरवणीत एकदा वाचायला आवडेल.

– एक वाचक, कराड