तू माती बघ, मी स्लॅब बघतो

फोंडा

प्रिय सुहास,

तब्येत ठीक, साखर आटोक्यात, आई आहे तशीच. आता मुद्दा. हिला सांगायला गेलो तर म्हणाली, "सुहासभावजींना कळवा, मला झोपू द्या." फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आमच्या पोडियमखाली, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या स्लॅबखाली, माझ्या गाडीशेजारी जो खांब आहे, त्याच्या माथ्याभोवती स्लॅबच्या पोटाला पांढरं कडं आलंय. चारही बाजूंनी. चुन्याचे ओघळ, मध्ये बोटभर लोंबणारे सुळके. सोसायटीने त्यावर उपाय काय काढला? खाली पत्र्याची पन्हळ टांगली. कारण तक्रार स्लॅबची नव्हतीच, गाड्यांचा रंग जातो याची होती! आणि हा फ्लॅट स्लॅब आहे, बरं का. उंची वाचवायला बिल्डरने बीम काढले; खांबाशी स्लॅब जाड करणारा ड्रॉप नाही, खांबाचा माथा रुंद करणारं कॅपिटल नाही. पंचिंगची, म्हणजे खांब स्लॅबला भोसकून वर निघण्याची, चीर आधी वरच्या अंगाला पडते आणि वर तर टाइल्स. म्हणजे जे बघायचं तेच झाकलेलं.

पुढच्या सभेत विषय काय, तर याच पोडियमवर बाग. फूटभर मातीचे वाफे, बांबू, गझिबो. खांबाखांबांमधला सहा बाय सहा मीटरचा गाळा धर. फूटभर ओली माती चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या खाली येत नाही, म्हणजे त्या एका खांबाच्या गळ्याशी वीस टन जास्त. एम 20 काँक्रीटला पंचिंगमध्ये सोसणारा ताण 0.25 वर्गमूळ एफसीके (काँक्रीटची ताकद), म्हणजे 1.12 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तेवढं मला झोपेतही येतं. पण जाडी किती, वरची सळी कुठे बसलीय, हे कुठून आणू? ड्रॉइंग नाही. बिल्डर एकीकडे पाठवतो, तिथले परत बिल्डरकडे. सेक्रेटरी म्हणतात, "पावसात गोव्यात काय गळत नाही, सांगा!"

तुला सर्फसाइडच्या त्या रात्री आठवत असतील. 24 जून 2021, फ्लोरिडातली ती बारा मजली इमारत कोसळली, 98 माणसं गेली आणि आपण तिघं आपापल्या घरात कोंडलेले, व्हिडिओ पुढेमागे करत बसलेले. तू मातीवाला, तुला जमीन दिसली. वर "रिपोर्ट येईपर्यंत तोंड बंद ठेवावं" असं आम्हाला सुनावलंस आणि अपरात्री स्वतःच तो तिथली जमीन वर्षाला 2 मिलिमीटर खचण्याचा पेपर पाठवलास! गुरू म्हणाला, सिमेंट खाल्लं असणार. कंत्राटदाराला दुसरं काय सुचणार? मी पूल डेकवर, म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबवर, अडून बसलो. खांब जागच्या जागी उभे आणि स्लॅब त्यांच्याभोवतीने सुटून खाली, हा फोटो बघून आणखी काय म्हणायचं होतं? काणकोणला 2014 साली चावडीवरची ती बांधकाम चाललेली इमारत कोसळून 31 जण गेले, तेव्हाही आपलं हेच चाललं होतं. ज्याचा जो धंदा, त्याला ते कारण.

निस्टवाल्यांचा, म्हणजे तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, रोखही पुढे डेककडेच वळला. काही ठिकाणी बांधकाम संहितेला हव्या त्याच्या निम्मीच ताकद, वर नंतर वाढवलेले वाफे आणि फरशा. तुला ते अजून पचलेलं नाही, ठाऊक आहे मला. पण म्हणूनच मी आता माझ्यावर विसंबायला तयार नाही. मला जिथेतिथे पंचिंगच दिसतं. ते कडं खांबाला लागून गेलेल्या पावसाच्या पाइपाचंही असेल, स्लॅबमधून पाइप जातो तिथली बाही नीट भरली नसेल. आमची टेकडी अर्धी कापून अर्धी भरलेली आहे. तो खांब भरावाच्या बाजूचा आहे, तोच खचत असेल. हे तू म्हणायला हवंस. मी म्हटलं की मला ते पटत नाही, हीच पंचाईत.

आणि सभेत बोलायचं तरी काय? सर्फसाइडला 2018 चा लेखी अहवाल होता: डेकला उतार नाही, पाणी साचतं, वॉटरप्रूफिंग गेलंय, खालच्या स्लॅबला मार बसतोय. तरी दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीवर मालकांची हुज्जत सरली नाही. माझ्याकडे तर पांढरा ओघळ आणि वर्गमूळ. वरच्या मजल्यावरच्यांनी फ्लॅट विकायला काढलाय. मी "तपासणी" हा शब्द काढल्यापासून ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. कॉलेजात सर म्हणायचे ना, "अंदाज तोंडी, आकडा लेखी." फर्मागुडीच्या कॅन्टीनमध्ये बसून त्यांची नक्कल तूच करायचास, तीही वाईट.

मी इतकंच लिहून देणार आहे: आधी दोन ठिकाणी टाइल्स उचला, वरून बघू द्या, तोवर मातीचं एक घमेलंही वर नको. यात काही जास्त होतंय का, ते तू सांग. जास्त होत असेल तरी पाठवणार आहे, पण सांग.

मुलीच्या अॅडमिशनचं काय झालं? वहिनींचा गुडघा? नवी नोकरी मानवली का? सगळं एकदम सांग, इथे आल्यावर.

कारण यायचंयस. चतुर्थीला येतोसच, पण सभा त्याआधीच्या रविवारी आहे, तेव्हा रजा थोडी अलीकडे ओढ. तुमच्या लॅबचा रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा टणकपणा बघायला) आणि कव्हर मीटर (आतली सळी शोधायला) मिळाला तर आण. आणि गुरूला यातलं काही बोलू नकोस, तो संध्याकाळच्या आत कोटेशन पाठवेल.

तुझा,
मिलिंद