मैदान भाड्याने द्या, पण खिळे वेचून परत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर आंतरमहाविद्यालयीन महिला फुटबॉल स्पर्धेची बातमी आली. माझ्या मुलीच्या कॉलेजला त्यात एकच ओळ होती : उपान्त्य सामन्यात 1-0 ने पराभव. बातमी खरी आहे. गोलमध्ये उभी होती ती माझीच मुलगी.

मी नागपुरात बर्डीवर 26 वर्षांपासून लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. फुटबॉल मला मुलीने शिकवला तेवढाच कळतो. पण यंदाचा एकही सामना मी चुकवला नाही.

ऑगस्टमध्ये संघ जमला तेव्हा अकरा मुलीही भरत नव्हत्या. कॅप्टन कामठीची. तिकडे फुटबॉल घराघरांत आहे. तिचे मामा खेळले, भाऊ खेळतो. तिने कबड्डीतल्या दोघी आणि धावण्याच्या शर्यतीतली एक अशा तिघींना ओढून आणले. पावसात आमची काळी माती बुटाला अशी लागते की पाय उचलवत नाही. तशा चिखलात या पोरी रोज सकाळी साडेपाचला सराव करायच्या. पहिला सामना 4-0 ने गेला. दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्यात शेवटच्या मिनिटांत आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. अकरा मीटरवर चेंडू, आणि सव्वासात मीटर रुंद गोलमध्ये एकटी माझी लेक. ती उजवीकडे झेपावली, बोटांच्या टोकाने चेंडू खांबाबाहेर काढला आणि तशीच पालथी पडून राहिली. बाकीच्या तिच्या अंगावर येऊन पडल्या. त्या दिवशी सगळ्या संघाला मी तर्री-पोहे खाऊ घातले. पुढचे दोन्ही सामने त्यांनी जिंकले.

मग तुळशीचे लग्न झाले, आणि सरावाचे मैदान आधी एका प्रदर्शनाला आणि लगेच एका लग्नाच्या मंडपाला भाड्याने गेले. अकरा दिवस सराव बंद. मैदान परत मिळाले तेव्हा जागोजागी खांबांचे खड्डे होते, त्यांत नुसती भुसभुशीत माती लोटलेली. पहिल्याच सकाळी मुलीने झेप घेतली आणि कोपराखाली गालिचा ठोकायची चूक, म्हणजे बारीक खिळा, रुतली. दुसऱ्या एकीच्या बुटाच्या तळातून खिळा आरपार गेला. दोघींना धनुर्वाताची सुई द्यावी लागली. संघाचे सर मैदान भाड्याने देणाऱ्यांकडे गेले, त्यांनी मंडपवाल्याकडे बोट दाखवले. मंडपवाला म्हणाला, आम्ही सगळं उचललं.

माझ्या दुकानात जळालेले स्पीकर पडलेले असतात. कॉइल जळते, चुंबक मात्र तसाच राहतो. बारा इंची स्पीकरांचे सहा गोल चुंबक काढून मी एका फळीच्या खाली पक्के बसवले, फळीला दोर बांधला आणि शेतात वखर ओढतात तशी ती गवतावरून ओढली. पहिल्या दिवशी फक्त गोलपुढची लहान चौकट झाली. मुलीने मोजले : 137 खिळे, चुका आणि तारेचे तुकडे. गंजलेले, वाकडे, काही इतके बारीक की गवतात दिसणे शक्यच नव्हते. काच आणि बांबूच्या कांड्या चुंबकाला लागत नाहीत. त्या पोरींनी निंदणाला बसतात तसे ओळीने बसून हाताने वेचल्या. उपान्त्य सामना चार दिवसांवर आला होता, आणि त्यातले तीन दिवस यातच गेले.

सामन्याचे मैदान दुसरे होते, चांगले होते. पंचांनी जाळी पाहिली, चुन्याच्या रेषा पाहिल्या. आमच्यावर गोल झाला तो डावीकडून, जमिनीलगत. फार जोराचा फटका नव्हता. तिच्या हाताला पट्टी होती, पण जखम भरत आली होती. घरी येऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, झेप घेऊ का नको, असं झालं मले. खाली काय असन, हे मनात आलं."

या मुली हरल्या याचे मला दुःख नाही, हार-जीत चालायचीच. पण 19 वर्षांच्या गोलकीपरच्या मनात जमिनीची भीती बसली, ही गोष्ट माझ्याने गिळवत नाही.

याच नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात प्लास्टिकची फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. त्या पोरांकडे चेंडूसुद्धा नव्हता. तरी खेळ झाला, कारण पायाखाली मोकळी जागा होती.

मैदानाचा खर्च भाड्यातून निघतो, हे मी समजतो. लग्नसराईत माझाही धंदा त्याच मंडपांवर चालतो, म्हणून मंडपच नको असे मी म्हणणार नाही. पण मंडपवाल्याकडून अनामत रक्कम घ्या आणि संघाच्या सरांनी मैदान फिरून पाहिल्याशिवाय ती परत करू नका. खड्डे मुरूम घालून, ठोकून बुजवून घ्या. सामने चालू असतील त्या आठवड्यांत निदान दोन्ही गोलपुढची जागा मंडपाबाहेर ठेवा. यातले काहीही महाग नाही.

चुंबकाची फळी माझ्या दुकानात आहे. शहरातल्या कोणत्याही संघाने सकाळी न्यावी, संध्याकाळी आणून द्यावी. पैसे लागणार नाहीत. दुकानाचा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. ओढताना फळी जमिनीपासून दोन बोटे वर राहील एवढे पाहावे आणि एकाच पट्ट्यावरून दोनदा फिरवावी, एकदा उभी आणि एकदा आडवी.

आपला,
एका गोलकीपरचे वडील
पाचपावली, नागपूर