शर्यत नव्हे, मिरवणूक : आमच्या बाईंना उघड आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचं नाव आहे. पण तिथं मार्गदर्शकांपासून ग्रंथालयातल्या मावशींपर्यंत सगळ्यांना एकेक ओळ वाटून द्यायची असते, आणि तुमच्या वाट्याला आलेली ओळ काही मला पटली नाही. समोर बसून आभार मानायला लागले तर तुम्ही "बरं बरं, चहा टाकते" म्हणून उठणार. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. सांगली-साताऱ्याकडं तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत पीएच.डी. रेटणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पावसाळ्यातल्या तासांचं मानधन दिवाळीनंतर हातात पडतं, आणि "आपल्या विषयातलं इथं कुणाला काय कळणार" हे वाक्य आमच्यात सारखं ऐकू येतं. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

तुम्ही या विषयातल्या नव्हेत. निवृत्त होईपर्यंत बी.एस्सी.ला डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा शिकवलंत, बस्स. विश्रामबागेतल्या तुमच्या घरी पहिल्यांदा विषय सांगितला, "नॉनकम्युटेटिव्ह हार्मोनिक अ‍ॅनालिसिसमध्ये डिस्पर्सिव्ह समीकरणांची रेग्युलॅरिटी", तेव्हा तुम्ही म्हणालात, "यातलं 'मध्ये' आणि 'ची' तेवढं कळलं. बस, आता उरलेलं सांग." ही चेष्टा असेल असं मला वाटलं. पण तुम्ही चष्मा लावून, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं ओढून बसलात.

मग मी सुरुवातीपासून सांगितलं. नॉनकम्युटेटिव्ह म्हणजे जिथं क्रम बदलला की उत्तर बदलतं, हार्मोनिक अ‍ॅनालिसिस म्हणजे फंक्शन साध्या लहरींत सोडवणं, डिस्पर्सिव्ह म्हणजे पसरत जाणाऱ्या लाटांचं. नेहमीच्या सपाट अवकाशात श्रोडिंगर समीकरण, म्हणजे क्वांटम कणाच्या लाटेचं समीकरण, घेतलं, की फूरिये रूपांतरानं, म्हणजे लाट साध्या लहरींत मोडून, तिचे घटक सुटे होतात आणि प्रत्येक घटक आपापल्या वारंवारितेच्या प्रमाणात वेग घेतो. वेग वेगळे, म्हणून लाट पसरते, आणि पसरली की तिची उंची उतरते. सुरुवातीचा डेटा, म्हणजे लाटेचा पहिला आकार, इंटिग्रेबल (एकूण बेरीज मर्यादित असलेला) असेल तर तीन मितींत ही उंची टीच्या, म्हणजे वेळेच्या, दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. याच उतरणीच्या आधारानं रॉबर्ट स्ट्रिकार्ट्झ यांनी १९७७ साली सुरू केलेले अंदाज, म्हणजे वेळ आणि जागा दोन्हींत मिळून लाटेला घातलेल्या मर्यादा, उभे राहतात, आणि ते हातात असले की फारसा गुळगुळीत नसलेला डेटा घेऊनही नॉनलिनिअर समीकरण सोडवता येतं. रेग्युलॅरिटी म्हणजे हाच हिशेब: काम भागायला डेटाजवळ किती गुळगुळीतपणा, आमच्या भाषेत किती डेरिव्हेटिव्ह, हवेत? अर्धा चालेल, पाव चालेल? गणिती लेनार्ट कार्लसन यांचा प्रश्न याच जातीचा. वेळ शून्याकडं नेली की उत्तर जवळपास सगळ्या बिंदूंवर मूळ डेटाकडं परत येतं का? एका मितीत पाव डेरिव्हेटिव्ह पुरतो हे त्यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं, त्याहून कमी चालत नाही हे १९८२ मध्ये डालबर्ग आणि केनिग यांनी. वरच्या मितींचा निकाल २०१९ मध्ये शियुमिन दू आणि रुइशियांग झांग यांच्या हातून लागेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

हे सगळं ऐकून तुम्ही एकच वाक्य बोललात: "म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीसारखं. सुटताना सगळ्या एका रेषेत, पुढं माळभर पांगलेल्या." मी हो म्हटलं. "आणि सगळ्या जोड्या एकाच वेगानं पळाल्या तर?" म्हटलं, तसं होत नाही. "होत नाही म्हणू नको. झालं तर ती शर्यत नव्हे, मिरवणूक." तुम्ही गमतीनं म्हणालात. माझ्या अख्ख्या तिसऱ्या प्रकरणाचा गाभा त्यात होता, हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नसणार.

हायझेनबर्ग ग्रुपची, म्हणजे चालण्याचा क्रम महत्त्वाचा असलेल्या एका अवकाशाची, गाठ तिथंच होती. तीन आकड्यांचा बिंदू: एक्स, वाय, एस. दोन बिंदूंचा "गुणाकार" करताना एक्स आणि वाय साधे मिळतात, पण एसमध्ये क्रमावर अवलंबून असलेली एक भर पडते. आधी एक्सकडं मग वायकडं चाललात तर जिथं पोचता, ते उलट क्रमानं चालल्यावर पोचता त्याहून वेगळं. फरक पडतो तो एसच्या दिशेला. लाप्लासियनही (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांची बेरीज) मग फक्त दोन दिशांचा राहतो, एसकडची हालचाल त्यांच्या क्रमबदलातूनच जन्मते. या ग्रुपवर श्रोडिंगर समीकरणाला डिस्पर्शन, म्हणजे लाटेचं पसरणं, अजिबातच नाही, असं हाजेर बाहुरी, पात्रिक जेरार आणि चाओ-जियांग शू यांनी २००० साली सिद्ध केलं. वेव्ह समीकरणाला थोडंफार मिळतं, टीच्या अर्ध्या घाताइतकं, पण तेही मिती कितीही वाढवल्या तरी तेवढंच. प्रमेय मी वाचलं होतं, सेमिनारमध्ये मांडलंही होतं. तुम्ही मात्र म्हणालात, "मला प्रमेय नको. न पसरणारं एक उत्तर दाखव. एकच."

त्या दुपारी पाऊस कोसळत होता. काका कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी मोबाईलवर बघून दर थोड्या वेळानं ओरडून सांगत होते. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकत होतं. तुम्ही तिकडं लक्ष न देता विचारलंत, "आयगेनव्हॅल्यूंची सगळ्यात खालची पायरी कुठली?" आयगेनव्हॅल्यू म्हणजे लाप्लासियन लावल्यावर फंक्शन नुसतं ज्या आकड्यानं गुणलं जातं तो, चिन्ह सोडून. मी म्हटलं, लॅम्डाच्या चौपट; लॅम्डा म्हणजे एसच्या दिशेची वारंवारिता. "मग तिचं फंक्शन लिही." लिहिलं: एसच्या दिशेला लॅम्डा वारंवारितेची साधी लहर, आणि एक्स-वायच्या पातळीत तोच लॅम्डा घेतलेलं गोल गाऊशियन, म्हणजे घंटेच्या आकाराचं फंक्शन. आणि तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेऊन स्वतः डिफरन्शिएट करायला बसलात, बी.एस्सी.च्या वर्गात करत होतात तसंच, एकही पायरी न गाळता. साध्या लाप्लासियनमधून दोन पदं आली: अधिक चार लॅम्डा वर्ग गुणिले आर वर्ग (आर म्हणजे एक्स-वायच्या पातळीतलं मध्यापासूनचं अंतर), आणि उणे चार लॅम्डा. ग्रुपच्या पिळातून उणे चार लॅम्डा वर्ग गुणिले आर वर्ग आलं. फिरकीचं पद शून्य, कारण फंक्शन गोल. तुम्ही दोन पदांवर तिरक्या रेघा मारल्यात आणि उरलेल्या उणे चार लॅम्डाभोवती चौकट काढलीत.

"आता वेळ घाल," म्हणालात. घातली. लॅम्डा वर्गाचं नाव नाही, लॅम्डा सरळ पहिल्या घातात. म्हणजे प्रत्येक लॅम्डाची लहर एसकडं त्याच वेगानं निघते, वेग चार. मोठा लॅम्डा, छोटा लॅम्डा, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. त्यांची हवी तशी बेरीज करा, आकार जसाच्या तसा उचलून पुढं नेला जातो. वरच्या पायऱ्यांना बारा, वीस, अठ्ठावीस असे वेग, पण प्रत्येक पायरीचा आपला एकच. मी कागदाकडं बघत राहिले आणि तुम्ही म्हणालात, "बघ, मिरवणूक."

यापुढचं जे मला उमगलं, ते कुठल्याच पेपरात इतक्या ठसठशीतपणे लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. लॅम्डा एक आणि दोनच्या मध्ये ठेवा, वजन गुळगुळीत घ्या. डेटा अनंत वेळा डिफरन्शिएट होतो, दूर गेलं की झपाट्यानं शून्याकडं जातो. तरी उंची उतरत नाही. बंदिस्त मॅनिफोल्डवर (गोलाच्या पृष्ठभागासारख्या अवकाशावर) थोडे डेरिव्हेटिव्ह खर्ची घालून स्ट्रिकार्ट्झ अंदाज मिळवता येतात, असं बुर्क, जेरार आणि त्झ्वेत्कोव यांनी २००४ मध्ये दाखवलं. त्यामुळं आमच्या विषयात "रेग्युलॅरिटी वाढवून बघू" हे सवयीनं तोंडात येतं. इथं काळानुसार होणारी उतरण तशी मिळत नाही, कितीही डेरिव्हेटिव्ह ओता. प्रबंधाची दिशा त्या संध्याकाळी बदलली. उतरण मागायची नाही, मोजायची पद्धत बदलायची. बाहुरी, बारिलारी आणि गालाघेर यांनी २०२१ च्या पेपरात तेच केलंय: रेडियल (एक्स-वायमध्ये गोल) डेटासाठी एसमध्ये कमाल घ्यायची आणि बेरीज वेळेत करायची. त्यांच्या मुळाशी डेटलेफ म्युलर यांचं १९९० चं रिस्ट्रिक्शन प्रमेय, म्हणजे फूरिये रूपांतर एका पातळ पृष्ठभागापुरतं बघण्याचं प्रमेय, आहे. मिरवणूक एका चौकात उभं राहून बघितली तर थोडा वेळच दिसते, मग पुढं जाते. वेळेतली बेरीज म्हणून आटोक्यात राहते.

तुमचे पुढचे प्रश्नही असेच वरवर भाबडे. "एस एकच का? दोन-तीन असते तर?" मी घरी येऊन शोधलं. देल हिएरो यांनी २००५ मध्ये एच-टाइप, म्हणजे हायझेनबर्गच्याच घराण्यातल्या, ग्रुपवर तेच केलंय. केंद्राची, म्हणजे एससारख्या दिशांची, मिती पी असेल तर उतरण पी वजा एकच्या निम्म्या घातानं. पी एक असेल तर शून्य, म्हणजे आपली मिरवणूक. "आणि एखादी दिशा कुणाशीच जोडी लावत नसेल तर?" ती दिशा सपाट अवकाशासारखी वागते आणि अर्ध्या घाताची भर घालते, बाहुरी, फेर्मानियान-कामरेर आणि गालाघेर यांचं २०१६ चं काम. दोन्ही वेळा तुम्ही पेपर न वाचता प्रश्नाच्या दारापर्यंत पोचला होतात. खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला.

एका गोष्टीवर मात्र आपलं वाजलं. तुमचं म्हणणं, क्रम बदलला की सगळं बिघडतंच. तसं नाही, बाई. हायपरबोलिक (खोगिरासारख्या वाकलेल्या) अवकाशामागचा ग्रुपही नॉनकम्युटेटिव्हच, पण तिथं दीर्घकाळात उतरण टीच्या दीड घातानं होते, मिती दोन असो वा वीस. स्ट्रिकार्ट्झ अंदाजही सपाट अवकाशापेक्षा घातांकांच्या जास्त जोड्यांसाठी मिळतात. कुन्झे आणि स्टाइन यांनी १९६० मध्ये दाखवलेला कॉन्व्होल्यूशनचा (दोन फंक्शनं सरकवत एकमेकांत मिसळण्याचा) गुण तिथं कामी येतो, आणि त्या जातीच्या ग्रुपांवरचं सगळं फूरिये विश्लेषण उभं आहे ते कानपूरच्या हरीश-चंद्रांच्या कामावर. त्यांचं नाव निघताच तुम्ही गप्प ऐकलंत, मग म्हणालात, "एवढं आमच्या अभ्यासक्रमात का नव्हतं?" याचं उत्तर माझ्याजवळ नाही, पण प्रश्न रास्त आहे.

तुमच्या जेवणाच्या टेबलासाठीही आभार मानते. घरी लेकरू लहान, कॉलेजात बसायला खुर्ची मिळेल तेव्हा. तुमच्याकडं टेबल होतं, पंखा होता, भडंगाचा डबा होता, आणि मी बोलत असताना कुणी मधे उठून जात नव्हतं. काकांनाही नमस्कार सांगा. पुढच्या पावसाळ्यात पातळी माझ्या मोबाईलवर बघू.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. तारीख कळली की घ्यायला गाडी घेऊन येते. पुढच्या रांगेत बसा, पण परीक्षकांच्या आधी प्रश्न विचारू नका. आणि कुणी "न पसरणारं एक उत्तर दाखवा" असं म्हटलंच, तर मी एकही पायरी न गाळता फळ्यावर करून दाखवीन.

तुमची विद्यार्थिनी,
सांगली