सिस्टर मावशीला, नाताळच्या पिक्चरबद्दल

सिस्टर मावशी, नमस्कार.

नाताळला घरात कुठला पिक्चर लावायचा हे तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार खरं तर फोनवर मानायचे होते, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, आईचे गुडघे कसे आहेत ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहायलोय. तुम्ही पुण्याला लेकीकडं गेलात तेव्हापासून शेजारचं दार बंदच असतं, गॅलरीतला तुमचा कागदी तारा मात्र घरमालकानं अजून काढला नाही, वाऱ्यानं त्याचा एक कोपरा फाटलाय आणि आमची पोरगी रोज शाळेत जाताना त्याला बाय करती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी २०२१ चा किस्सा सांगतो, म्हणजे आभार कशाचे ते कळंल. आम्ही लातूरला नवीनच ४३ इंची टीव्ही घेतला होता, हप्त्यावर, आणि रिचार्जसोबत पिक्चरचं एक ॲप फुकट आलं होतं. पोरगी बालवाडीत कापसाची दाढी लावून सांता झाली होती, घरी आल्यापासून एकच धोशा, सांताचा पिक्चर लाव. मी पण शहाणा, पोस्टरवर लाल टोपीवाला म्हातारा दिसला की दाबलं बटन. आई पुढ्यात शेंगा फोडत बसलेली, पोरं गोधडीत. दहाव्या मिनिटाला तो सांता दारू पिऊन तर्र अन् तोंडात नुसत्या शिव्या. आईला इंग्रजी येत नाही पण बाटली कळती ना. रिमोट गोधडीत हरवला, मी दोन्ही हात पसरून टीव्हीपुढं उभा, अन् नेमक्या त्याच टायमाला तुम्ही दारात, हातात करंज्या-चकल्यांचं ताट. पिक्चरचं नाव घेत नाही, पण तुम्ही जे हसलात ते आठवतंय. म्हणलात, "अरे टोपी लाल असली म्हणून काय पोरांचा झाला का तो?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही चष्मा लावून माझ्या शेजारी बसलात आणि पिक्चरच्या नावाखालचा तो बारका चौकोन दाखवला. इतके दिवस ॲप वापरत होतो, कधी बघितलाच नव्हता. २०२१ च्या नियमांपासून या ॲपवाल्यांना प्रत्येक पिक्चरवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ नाहीतर ए असं लिहावं लागतं आणि शिव्या, मारामारी, नशा काय काय आहे तेही सांगावं लागतं, १३+ पासून पुढं लॉक लावायची सोय द्यावी लागती. तुम्ही पिन टाकायला लावला अन् वर म्हणलात की पिन पोराच्या वाढदिवसाचा ठेवू नको, पहिल्यांदा तोच दाबून बघतो. (पोरानं तोच दाबून बघितला, हे नंतर कळलं.)

पण नुसतं यू लिहिलं म्हणून लावायचं नाही, हे तुमचं पुढचं. घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस दोघंही शेवटपर्यंत बसतील असा पिक्चर शोध, मधल्यांचं बघून घेता येतं, असं तुमचं म्हणणं. आमच्याकडं आईला इंग्रजी नाही, हिंदीपण जेमतेम, पोरगीला वाचता येत नाही म्हणजे सबटायटल्स बाद. मी म्हणलं मग संपलंच की. तुम्ही म्हणलात, बोलणंच नाही असा लाव. तेव्हा तुम्ही 'द स्नोमॅन' सांगितला, १९८२ चा, इंग्लंडातला, फक्त २६ मिनिटांचा, त्यात एक गाणं सोडलं तर गोष्टीत कुणी बोलतच नाही. पोरगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो अन् दोघं उडत जातात. आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, तेव्हाच मला कळलं जमलं म्हणून.

आणि शेवटी तो वितळतो हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, "हा पिक्चर लावला की लगेच झोपवू नको, पाच मिनिटं हातात ठेव." पोरगी रडलीच. सकाळी पोरगा पळत बाहेर येतो अन् टोपी, मफलर तेवढं पडलेलं, बाकी पाणी. आई तिला मांडीवर घेऊन म्हणायली, "बर्फच तो बाई, गोळेवाल्याचा तरी टिकतो का?" मग तुम्ही तिला विचारलं की त्या पोराच्या खिशात काय निघालं. सांतानं दिलेला मफलर. म्हणजे स्वप्न नव्हतं, खरंच झालं होतं. पोरगी गप्प झाली आणि तुमच्याच शालीत झोपून गेली. दुसऱ्या रात्री 'शॉन द शीप'चा नाताळचा अर्ध्या तासाचा भाग लावला, त्यातपण बोलणं नाही, मेंढरंच सगळी. आईला मेंढरांचं नवं काय सांगायचं, ती तर कोणतं मेंढरू काय खोडी करणार ते आधीच सांगायली.

'होम अलोन'च्या वेळी मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही म्हणला होतात की चोरांची फजिती बघून पोरं दोन दिवस तेच करत्यात, आधीच दम देऊन ठेव. मी म्हणलं १९९० चा पिक्चर, सगळ्या जगानं बघितला, काय होतंय. सकाळी साडेसहाला पोरानं पायऱ्यांवर गोट्या पसरून ठेवल्या, चोर तर आला नाही, मी दुधाची पिशवी घेऊन आलो. कमरेत उसण भरली ती मकर संक्रांतीपर्यंत, अन् तुम्ही शेक द्यायला लावताना एकदाही 'मी म्हणलं नव्हतं का' म्हणला नाहीत, याचे वेगळे आभार. आईला त्यातलं पोरगं नाही, त्याची आई आवडली. विमानाचं तिकीट मिळंना तर बाई बँडवाल्यांसोबत भाड्याच्या ट्रकात मागं बसून घरी येती. आई म्हणे, "मी पण तुझ्या तापाच्या वेळी उसाच्या ट्रकमधून आले होते औशावरून." हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

एकदा पोरानं तुम्हाला विचारलं होतं की मावशी, या पिक्चरमध्ये येशू का दिसत नाही. तुम्ही हसून म्हणलात की नाही रे फारसा, यात बर्फ अन् सांताच जास्त. मग टीव्ही बंद करून तुम्ही जालन्याचं सांगितलं, तुमच्या लहानपणचं, पेटी-ढोलकी घेऊन रात्रभर घरोघर गाणी म्हणत जायचे, शाली पांघरून, ना. वा. टिळकांची भजनं, प्रत्येक दारात चहा, पहाटेपर्यंत आवाज बसलेला. त्या रात्री पिक्चर लागलाच नाही. माझ्या मते ती सगळ्यात भारी रात्र होती, पण पोरं मानत नाहीत.

२०२२ ला येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतात जेवायची वेळ अमावस्या, २३ डिसेंबरला आली, दोन दिवसांवर नाताळ, आम्ही सगळे गावाकडं. तुम्ही आधीच सांगितलं होतं की रेंजवर विसंबू नको, घरूनच डाउनलोड करून ने, कारण एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो आणि आमचा दिवसाचा दोन जीबी. दिवसभर ज्वारीत, आंबील, भज्जी, उंडे खाऊन सगळे सुस्त, रात्री वाड्यात लॅपटॉप पोत्यांच्या थप्पीवर ठेवला अन् 'क्लाउस' लावला. २०१९ चा ॲनिमेशनपट, त्यात बर्फातल्या एका गावात दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली, का भांडायलेत ते त्यांनाही सांगता येणार नाही, पोरं शाळेत येईनात म्हणून मास्तरीण मासे विकायली, अन् तिथं एक ऐतखाऊ पोस्टमन येतो. मी पुढं बसून मराठीत सांगत होतो. आमच्यात थोरले चुलते आणि आमचे बापू, दोघांत बांधावरून नऊ वर्षं बोलणं नाही, एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसलेले. मधीच चुलती मोठ्यानं म्हणाली, "ही तर आपली भावकी की वो!" एक क्षण कुणी हूं नाही की चूं नाही, मग आधी बापू हसले अन् मग सगळेच. बांध आहे तिथंच आहे, कुणाला वाटंल पिक्चरनं मिटलं, तसं काही नाही. पण सकाळी चहा एकाच चुलीवर झाला.

आता जे खरं लिहायचं होतं ते.

तुम्ही 'इट्स अ वंडरफुल लाइफ'बद्दल सांगितलं तेव्हा आवाज खाली केला होता. १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाइट, सव्वादोन तासांच्या आसपास. म्हणलात, सगळ्या यादीत पहिला येतो हा, पण तुझ्या घरात असाच लावू नको, आधी एकटा बघ. कारण त्यात आठ हजार डॉलर हरवतात आणि घरचा कर्ता माणूस नाताळच्या आदल्या रात्री पुलावर जाऊन उभा राहतो. तुम्हाला आमच्या धाकट्या काकांचं माहीत होतं. त्या रात्री दवाखान्यात आमच्यासोबत तुम्हीच होतात. नेटवर कुठलीपण यादी उघडा, हा पिक्चर वरच असतो, पण कुणाच्या घरात लावायचा नाही हे कुठल्या यादीत लिहिलेलं असतं?

मी तो रात्री एक वाजता कानात इअरफोन घालून बघितला. पोरांना दाखवला नाही. मागच्या वर्षी काकांचा मुलगा मुक्कामी होता, त्याला आधी सगळी गोष्ट सांगितली, तुम्ही सांगितली होती तशीच, काही न लपवता, अन् विचारलं बघायचा का. तो म्हणला लाव. शेवटी सगळं गाव पैसे घेऊन त्या माणसाच्या घरात येतं, टेबलावर ओततं. आमचा भाऊ बराच वेळ तसाच बसला. मग म्हणला, "आपल्याकडं पण सगळे आले होते. दहाव्याला." आम्ही अंगणात येऊन बसलो, चार वाजेपर्यंत काकांबद्दल बोललो, सहा वर्षांत पहिल्यांदा.

वातावरण हलकं करायला मी त्याला तुम्ही सांगितलेलं बर्फाचं सांगितलं, की तो सगळा पिक्चर भर उन्हाळ्यात काढलाय. त्याआधी पिक्चरात बर्फ म्हणून मक्याचे पोहे रंगवून टाकायचे आणि पायाखाली ते कुरकुर वाजायचे, मग यांनी आग विझवायच्या फेसात साबण-पाणी मिसळून नवा बर्फ केला. भाऊ म्हणला, "आपल्या जिनिंगवर आले असते तर कापूस फुकट दिला असता."

मावशी, या वर्षीची यादी पोरगी करायली, तिला आता वाचता येतं, यू/ए ७+ बघून मला दाखवून जाती. पहिल्या रात्री 'स्नोमॅन'च, ते ठरलेलं. २४ ला आठ वाजता व्हिडिओ कॉल लावतो, मोबाईल तुमच्या नेहमीच्या जागी, आईच्या डाव्या हाताला उशीवर ठेवायचा असं आईनं सांगितलंय, मागच्या वर्षी मी टेबलावर ठेवला तर तिनं पिक्चर थांबवायला लावला होता. हुरडा ट्रॅव्हल्सनं पाठवतोय, डबा पोचला की मिस्ड कॉल द्या. आणि करंज्या यंदा घरी करायच्यात म्हणून सारणात खोबरं किती आणि खसखस किती ते व्हॉट्सॲपवर टाका, आई म्हणती सिस्टर आकडा सांगत नाहीत, नुसतं अंदाजानं घे म्हणतात.

तुमचा,
शेजारचा