नोकरी गेलीये, पण पैसे येतायत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर काही सांगायला घेतलं की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

माझी नोकरी जूनअखेर संपली. डिझेल इंजिनाच्या पार्टचं काम कमी होत गेलं आणि आमची अख्खी टीमच काढली, माझ्या एकटीचं काही नाही. आधी बोलले नाही कारण आईचं बीपी, आणि सगळे कागद हातात आले की मगच सांगायचं असं मंदारचं आणि माझं ठरलं होतं. आता मंजुरीचं पत्र आलंय. मी इथला जर्मनीचा बेकारी भत्ता घेतेय, आणि स्टुटगार्टमध्येच दुसरी नोकरी बघणार आहे. सांगलीला परत यायचं आत्ता नाही.

बाबा, "भत्ता" वाचून कपाळाला आठी पडली ना? माहितीये मला. पण हे कुणाचं फुकटचं नाहीये हो, विमा आहे. दर महिन्याला माझ्या पगारातून 1.3 टक्के कापून घेत होते, तेवढेच कंपनी घालत होती. तुम्ही पीएफ काढताना लाजला होतात का? मागच्या 30 महिन्यांत निदान 12 महिने विमा भरलेला असला की हक्क मिळतो, आणि माझ्यासारखा दोन वर्षांच्या वर भरलेला असेल तर वर्षभर पैसे येतात. हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण 60 टक्के, पण मूल असेल तर 67, म्हणजे आपली ओवी आत्तापासूनच कमावती झालीये! बँकेत किती आहे, घर कुणाच्या नावावर आहे असलं ते विचारत नाहीत, ते गरजूंच्या दुसऱ्या योजनेत विचारतात. मेडिक्लेमची काळजी करू नका, आरोग्य विम्याचा हप्ता पण तेच भरतात. आणि आमची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, झालेली असल्यामुळे व्हिसाचं टेन्शन नाही, ब्लू कार्डवाल्या, म्हणजे नोकरीवरच परवाना टिकणाऱ्या पोरांची मात्र झोप उडालीये.

एक सांगते, बाबांना आवडेल. नोटीस यायच्या आधी एचआरने एक कागद पुढे सरकवला होता, राजीखुशीने जातेय अशी सही करा, थोडे जास्त देतो. नाही केली. स्वतः राजीनामा दिला किंवा असल्या कागदावर सही केली की 12 आठवडे भत्ता अडकू शकतो. पेन हातात देत होता तो माणूस आणि मला तुमचं ते पांढरं पाकीट आठवत होतं, आणि त्यावर आई काय बोलली होती ते. नोटीस पडल्या पडल्या मी इथल्या रोजगार ऑफिसात ऑनलाइन नाव नोंदवलं, कारण त्याला तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर इथे आठवड्याचे पैसे कापतात. जर्मन माणूस आणि तारीख!

तुमच्या वेळी असलं काहीच नव्हतं. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, अटल बीमित योजना आपल्याकडे 2018 ला आली, ती पण 90 दिवसांची आणि जन्मात एकदाच. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन निघायचे आणि मला वाटायचं कामावरच चाललेत. संध्याकाळी खिशात माझ्यासाठी रावळगाव असायचंच. ते कुठून आणायचात हो? आणि आईच्या मशीनच्या खडखडाटाशिवाय मला झोप यायची नाही. आई, माझ्या घरात तशी वेळ नाहीये ग, खरंच. वरणभात रोज होतो, ओवीचं स्विमिंग चालू आहे, तूप संपलं तेवढंच.

आता जे लिहायचं मी टाळतेय ते. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मला येता येणार नाही. भत्ता चालू असताना गाव सोडायचं तर त्या रोजगार ऑफिसची परवानगी लागते, वर्षाला तीन आठवडे मिळतात, पण पहिल्या तीन महिन्यांत सहसा देतच नाहीत, आणि ऑपरेशन नेमकं त्यातच येतंय. मी विचारून बघितलं. दिवाळीला नक्की अर्ज टाकते. रागावू नका.

तर ऐका. ऑपरेशनच्या आधी शुगर तपासून घ्यायची, मग डॉक्टर सांगतील तेव्हाच तारीख. ड्रॉप्स वेळेवर, आई, तू घालायचे, बाबांनी स्वतः नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, बाग दादा बघेल. काळा चष्मा लावायचा, "म्हातारा दिसतो" चालणार नाही. आईने स्वतःची बीपीची गोळी त्या गडबडीत विसरायची नाही.

आणि एफडी मोडून मला पैसे पाठवायचे नाहीत. तुम्ही दोघं तेच ठरवत असणार. दर महिन्याचे माझे येतात ते तसेच येत राहतील, त्यातनं कामाच्या मावशींना काढून टाकू नका. काकूंनी विचारलं तर खुशाल सांगा, लपवण्यासारखं काही नाही. फक्त आधी बाबांचा डोळा होऊ दे, नाहीतर त्या रोज येऊन बसतील.

तुमची,
सोनू